‘आता या वयात काय?’

भिवंडीतील कामतघर, पद्मानगर किंवा ब्राह्मण आळी, यांपैकी कोणत्याही भागातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. संध्याकाळची वेळ आहे. सून म्हणते, “आई, चला, वऱ्हाळा तलावापर्यंत एक फेरी मारून येऊ.” सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून उत्तर देतात, “आता या वयात कसलं चालणं बाई? तू ये जाऊन.” आतल्या खोलीत मुलगा वडिलांना म्हणत असतो, “बाबा, एकदा कान तपासून घेऊ या.” वडील हात हलवतात, “माझे कान लूमनी केव्हाच खाल्ले. आता काय तपासायचंय?” संवाद तेथेच संपतो. कोणी कोणाला दुखावलेले नसते. दिवाबत्ती होते, जेवणे होतात, दूरदर्शनचा आवाज नेहमीप्रमाणे मोठा केला जातो. परंतु त्या संध्याकाळी त्या घरात प्रकृतीविषयी दोन निर्णय झालेले असतात आणि त्यांपैकी एकही डॉक्टरांनी दिलेला नसतो.

‘आता या वयात काय?’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले आणि उच्चारलेले असते, की ते रक्तदाबाच्या आकड्याइतकेच खरे वाटू लागते. वास्तविक ती एक समजूत असते. आपल्या भाषेनेही तिला बरेच बळ दिले आहे. ‘साठी बुद्धी नाठी’, ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’, ‘मसणात गोवऱ्या गेल्या’ अशा म्हणी आणि वाक्प्रचार आपण हसत हसत वापरतो. ते रूढ झाले त्या काळात साठी ओलांडणारी माणसे थोडी होती. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान पस्तीस वर्षांच्याही आत होते. आज साठाव्या वर्षी पोहोचलेल्या भारतीय माणसाला सरासरीने आणखी सतरा-अठरा वर्षांचे आयुष्य मिळते. एवढ्या काळात तान्हे मूल वाढून मतदानाला उभे राहते. अशा दीर्घ काळाला ‘आता काय उरले?’ म्हणणे हिशेबाने तरी चुकीचे आहे.

अशा वेळी महर्षी कर्व्यांचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. १९१६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले आणि सत्तरीनंतर परदेशप्रवास केला, हे खरेच आहे. मात्र थोरांची उदाहरणे ऐकून सामान्य माणूस बऱ्याचदा आणखीच मागे सरतो. ते कर्वे होते, आपण कोण, असे त्याला वाटते. म्हणून या लेखात आपण गुडघे, कान आणि पाटी-पेन्सिल यांच्याविषयीच बोलू.

प्रथम गुडघे. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथील गरम पाण्याच्या कुंडांवर सांधेदुखीने त्रासलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. उष्णतेने स्नायू सैलावतात, ठणका काही काळ कमी होतो. चिमाजी अप्पांनी वसईच्या विजयानंतर नवस फेडण्यासाठी बांधवलेल्या वज्रेश्वरीच्या मंदिराच्या पायऱ्या चढताना आपण अनेक वृद्धांना पाहिले असेल. देवीच्या दर्शनासाठी हळूहळू, कठड्याला धरून का होईना, ती माणसे वर जातात. तीच माणसे घरी परतल्यावर ‘जिना माझ्याने होत नाही’ असे म्हणतात. ती खोटे बोलत असतात असे मुळीच नाही. त्या दिवशी त्यांनी गुडघ्यांची परवानगी विचारलेली नसते, एवढेच.

गुडघ्यांचे गणित असे आहे. वयानुसार सांध्यातील कूर्चा झिजते, हे सत्य आहे. परंतु गुडघ्यावर येणारा भार केवळ हाडे आणि कूर्चा पेलत नाहीत; मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू त्यातील बराच वाटा उचलतो. चालणे बंद केले की हा स्नायू काही आठवड्यांतच बारीक होऊ लागतो. स्नायू अशक्त झाला की सांध्यावर अधिक ताण येतो आणि दुखणे वाढते. दुखणे वाढले की आपण म्हणतो, ‘पाहिलेत, मी म्हणत होते ना?’ अशा रीतीने समजूत स्वतःचा पुरावा स्वतःच निर्माण करते. ती खोटी ठरण्याची संधीच आपण तिला देत नाही. गुडघ्यांच्या झिजेवर आज जगभर जे उपचार सुचवले जातात, त्यांत व्यायाम अगदी प्रारंभी येतो. शस्त्रक्रिया फार नंतर.

पण नव्वदीतील स्नायू पुन्हा बळकट होऊ शकतो का? या प्रश्नाचे उत्तर १९९० साली अमेरिकेतील बोस्टन शहरात मिळाले. तेथील वृद्धांच्या शुश्रूषागृहातील दहा अतिशय अशक्त रहिवाशांना डॉ. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय नव्वद होते. एकाने मध्येच व्यायाम सोडला. उरलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांना चालताना काठीची गरज उरली नाही. दहा माणसांचा हा प्रयोग लहान होता आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाला, हे विसरू नये. आपण घरी एकदम वजने उचलू लागावे असा त्याचा अर्थ नाही. पण त्यानंतर झालेल्या अनेक अभ्यासांनी मुख्य मुद्दा कायम ठेवला आहे. स्नायूला वय असते, तरी काम दिल्यास तो नव्वदीतही प्रतिसाद देतो.

आता कान, आणि भिवंडीत हा विषय घाईने सोडून चालणार नाही. या शहराची दोन-तीन पिढ्यांची भाकरी यंत्रमागांच्या खडखडाटातून आली. जुन्या मागावर धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आपटत जातो आणि एका शेडमध्ये असे कितीतरी माग एकाच वेळी चालतात. रोज आठ तास ८५ डेसिबलहून अधिक आवाज ऐकणे कानांना घातक मानले जाते. मागांच्या शेडमधील आवाज सहसा त्याच्या वर असतो, आणि पाळी तर अनेकांची बारा तासांची. त्यामुळे कारखान्यात हातवारे आणि ओठांच्या हालचाली यांवर संभाषण चालते. असे तीस-चाळीस वर्षे काम केलेला माणूस साठीला येतो तेव्हा त्याच्या आंतरकर्णातील सूक्ष्म केसपेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झालेल्या असतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे ‘माझे कान लूमनी खाल्ले’ हे बाबांचे अर्धे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या अचूक आहे. चूक आहे ती पुढच्या अर्ध्यात.

अशा बहिरेपणात प्रथम उच्च कंपनांचे ध्वनी जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण, स्त्रियांचे आणि लहान मुलांचे आवाज. परिणामी आवाज येतो, पण शब्द उमगत नाही. नातू काहीतरी विचारतो, आजोबा भलतेच उत्तर देतात, सगळे हसतात. दोन-चारदा असे घडले की आजोबा बोलणेच कमी करतात. घरच्यांना वाटते, त्यांचे लक्ष उडाले, बुद्धी मंदावली. ‘साठी बुद्धी नाठी’ला आणखी एक पुरावा मिळतो, आणि तो निखालस खोटा असतो. बुद्धी शाबूत असते, तिच्यापर्यंत शब्द पोहोचत नसतात. पुढे मात्र धोका खराच आहे. उपचार न झालेला बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मोठे कारण मानला जातो. अमेरिकेत झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्या वृद्धांना स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक होता, त्यांच्यात श्रवणयंत्राने तीन वर्षांतील बौद्धिक घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. सर्वांच्या बाबतीत तसा लाभ दिसला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

श्रवणयंत्र घेतले तरी ते वापरले जात नाही, ही अनेक घरांतली दुसरी कथा. यंत्र लावल्यावर पहिल्या दिवशी पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, रस्त्यावरचे भोंगे, सारे एकदम अंगावर येते. वर्षानुवर्षे शांततेची सवय झालेल्या मेंदूला हवे ते ऐकणे आणि नको ते मागे सारणे पुन्हा शिकावे लागते. त्याला काही आठवडे लागतात. पण चौथ्या दिवशी यंत्र डबीत आणि डबी कपाटात जाते. ‘मला नाही जमत’ यावर शिक्कामोर्तब होते. तेव्हा पहिल्या आठवड्यात रोज तास-दोन तास, तेही शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना यंत्र लावावे. नंतर वेळ वाढवावी. आणि ‘यंत्र लावले की लोक म्हातारा म्हणतील’ या संकोचाविषयी काय बोलावे? प्रत्येक वाक्याला ‘काय? काय म्हणालास?’ विचारणाऱ्यालाही लोक तेच म्हणतात.

गुडघे आणि कान ही शरीराची बाब झाली. नवी विद्या शिकण्याविषयीची समजूत याहून चिवट असते. तिचा विचार करताना आपल्याच ठाणे जिल्ह्यातील एका गावाची आठवण होते. भिवंडीहून कल्याण, तेथून मुरबाड आणि आणखी आत गेले की फांगणे हे छोटे गाव लागते. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू केली. त्या आधी गावात शिवजयंती साजरी होत असताना चाललेले वाचन ऐकून काही वृद्ध स्त्रियांनी खंत व्यक्त केली होती की आपल्यालाही वाचता आले असते तर बरे झाले असते. असे उद्गार आपणही ऐकतो आणि ‘हो ना’ म्हणून पुढे जातो. बांगर गुरुजी पुढे गेले नाहीत.

साठ ते नव्वद वर्षांच्या सुमारे तीस स्त्रिया या शाळेत आल्या. मोतीराम दलाल धर्मादाय न्यासाच्या साहाय्याने त्यांना गुलाबी नऊवारी गणवेश, दप्तर, पाटी, पेन्सिल मिळाली. दुपारी घरकाम आटोपल्यावर वर्ग भरे. शिकवायला गावातीलच एक सून होती आणि तिची स्वतःची सासू समोर विद्यार्थिनी म्हणून बसत असे! आयुष्यभर शेतात राबलेल्या, शाळेची पायरी कधी न चढलेल्या या स्त्रिया बाराखडी गिरवू लागल्या, नाव लिहू लागल्या. बँकेत पूर्वी अंगठा उठवणाऱ्या हातांनी स्वाक्षरी केली.

या शाळेच्या बातम्या देशोदेशी गेल्या, छायाचित्रे गाजली. त्या कौतुकात एक गोष्ट मात्र निसटते. या आजींना ‘वय हा केवळ आकडा आहे’ असे व्याख्यान देऊन कोणी शाळेत आणले नव्हते. त्यांची समजूत बदलेपर्यंत कोणी थांबलेही नव्हते. जागा, ठरलेली वेळ, सोबतीला बरोबरीच्या मैत्रिणी आणि पाटी एवढे पुढे ठेवले गेले. गणवेशामुळे ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्नही बराचसा मिटला असावा. एकटी आजी दप्तर घेऊन निघाली तर गाव हसेल, तीस जणी निघाल्या तर गाव वाट देईल. आधी कृती घडली, समजूत तिच्या मागून बदलली. आपण घरी नेमके उलटे करतो. आधी पटवू पाहतो. पटवण्याने माणूस आपल्या जुन्या मताची बाजू अधिक हिरिरीने मांडू लागतो आणि मांडता मांडता त्या मताशी पक्का बांधला जातो.

शाळेत प्रत्येक आजीने एक झाड लावले आणि त्याला पाणी घालण्याचे काम तिच्याकडेच राहिले, ही बाब मला पाटी-पेन्सिलीइतकीच महत्त्वाची वाटते. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धनिवासात असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की आपल्या खोलीची मांडणी, वेळ कसा घालवायचा, हे तुम्ही ठरवा. प्रत्येकाला एक रोपटे दिले आणि त्याची निगा त्यांच्यावर सोपवली. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांनाही रोपटी दिली, पण सांगितले की पाणी परिचारिका घालतील, तुमची सर्व काळजी आम्ही घेऊ. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही, अधिक तरतरीत आढळली.

हा दुसरा मजला आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आहे, आणि तो प्रेमाने बांधलेला आहे. म्हणून पुढील मजकूर घरी वृद्धांची काळजी घेणाऱ्यांसाठी. “राहू द्या आई, मी करते.” “बाबा, तुम्ही बसा, मी पाणी आणतो.” यात आपुलकी असते आणि, खरे सांगायचे तर, थोडी घाईही असते. आजींना भाजी निवडायला अर्धा तास लागतो. सुनेला डबे भरून गाडी गाठायची असते. हा दोष कोणाचा नाही. परंतु हातातले काम काढून घेतले की त्या कामाचे स्नायू, त्या कामाची आठवण आणि ‘माझ्यावाचून अडते’ हा विश्वास, तिन्ही हळूहळू जातात. वर्षभराने आजींना खरोखरच भाजी निवडता येत नाही. मग आपण म्हणतो, वय झाले. तेव्हा एक तरी काम असे असावे जे पूर्णपणे त्यांचेच राहील आणि त्यांनी ते सावकाश केले तरी कोणी मध्ये हात घालणार नाही. कुंडीतली तुळस असो, दुधाचा हिशेब असो किंवा नातवाची शाळेची बस गाठणे असो. काम खरे असावे. मन रमवण्यासाठी काढलेले खोटे काम वृद्धांना तत्काळ ओळखू येते.

वार्धक्याविषयी मनात काय धरले आहे, याचा आयुष्यावरही परिणाम होतो का? येल विद्यापीठातील बेका लेव्ही यांनी २००२ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातील पन्नाशीपुढील ६६० व्यक्तींच्या दीर्घ नोंदी तपासल्या. स्वतःच्या वाढत्या वयाकडे अनुकूल दृष्टीने पाहणारे लोक प्रतिकूल दृष्टीच्या लोकांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगल्याचे आढळले. यावरून ‘चांगला विचार करा, आयुष्य वाढेल’ अशी जाहिरात करणाऱ्यांपासून सावध राहावे. मुळात प्रकृती चांगली असलेला माणूस वयाविषयी चांगलेच बोलेल, ही शंका रास्त आहे. संशोधकांनी हिशेबात प्रकृती धरली होती, तरी अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही. माझ्या मते विचारापेक्षा त्यातून घडणारे आचरण महत्त्वाचे असावे. ‘आता काय उपयोग’ असे मानणारा गोळी चुकवतो, तपासणी टाळतो, विडी सोडत नाही. वास्तविक साठाव्या वर्षी धूम्रपान सोडले तरी सरासरी तीन वर्षांचे आयुष्य परत मिळते, असे ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या निरीक्षणातून दिसले आहे.

‘वयाचे आहे’ म्हणून गप्प बसण्याचे आणखी एक दुःख स्त्रिया फार सोसतात. खोकताना, हसताना लघवी होणे. या एका कारणासाठी लग्नकार्याला, देवळात, बसने गावी जाणे सोडलेल्या कितीतरी आजी असतील, आणि घरात ते कोणाला ठाऊकही नसेल. ओटीपोटाखालच्या स्नायूंच्या व्यायामाने यात पुष्कळदा चांगली सुधारणा होते. स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा भौतिकोपचारतज्ज्ञांना विचारावे. लाजू नये.

मात्र प्रत्येक ‘नाही’च्या मागे समजूतच असते असे मानून वृद्धांवर दडपण आणणे हाही अन्याय होईल. छातीत दुखणे, थोड्या हालचालीने धाप लागणे, चक्कर, नुकतेच झालेले पडणे, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. काल चालणारा माणूस आज एकाएकी चालेनासा झाला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक गेली असेल, ‘मी ओझे झालो’ असे वारंवार म्हणणे असेल, तर ते औदासीन्य, म्हणजे नैराश्याचा आजार असू शकतो आणि तो बरा होतो. शासनाची १४४१६ ही मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवा अहोरात्र विनामूल्य आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. पैशाअभावी चष्मा किंवा श्रवणयंत्र अडले असेल, तर केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांना अशी साधने विनामूल्य दिली जातात. आणि भिवंडीचे खड्डे, अवजड गाड्या, पदपथाचा अभाव, ही कोणाचीही समजूत नाही. त्या रस्त्यावर उतरायला भिणारे आजोबा शहाणेच आहेत. त्यांच्यासाठी इमारतीचा व्हरांडा किंवा गच्ची शोधावी.

आरंभ कसा करावा? भिंतीला टेकवलेली, हात असलेली भक्कम खुर्ची घ्यावी. शेजारी कोणी उभे राहावे. हातांचा आधार घेऊन उठावे, क्षणभर उभे राहावे, सावकाश बसावे. जितक्या वेळा सहज जमेल तितकेच; पहिल्या दिवशी दोनदा जमले तरी पुरे. किंचित ताण जाणवणे ठीक आहे, तीव्र वेदना झाली तर थांबावे. ‘जमेल का’ याची चर्चा करू नये, शाबासकीचा वर्षावही करू नये. वृद्ध माणसाला लहान मुलासारखे टाळ्या वाजवून दाखवलेले आवडत नाही. किती वेळा झाले तो आकडा मात्र रोज दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहावा, आणि तो स्वतः आजींनी किंवा आजोबांनीच लिहावा. दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिला तरी चालेल.